उलटी फेरी

बाबूजी, आपल्या गावच्या चौकात माझा फ्लेक्स लागला आहे. तुम्ही होता तोवर गावाची बातमी तुमच्या भोंग्यातून जायची. आता ती छापतात आणि बांबूला बांधतात. वाढदिवस, श्रद्धांजली, पोलीस भरती, सगळं एकाच मापाचं आणि त्याच लाल-पिवळ्या रंगातलं. माझा फ्लेक्स दिवाळीनंतरच्या जत्रेला, मंडईच्या दिवशी लागला, पानठेल्याच्या बाजूला, सालेकशाहून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. गावात शिरणाऱ्याला आधी मी दिसते आणि मग गाव. फोटो चुलत बहिणीच्या लग्नातला आहे. तिला कापून टाकलंय, पण तिचं कोपर माझ्या खांद्याशी तसंच राहून गेलंय. खाली छापलं होतं, आपल्या गावची सुकन्या हिची एम.बी.ए.करिता मोठ्या कॉलेजात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक समस्त गावकरी. सगळं झकास होतं, फक्त माझी निवड झालेली नव्हती. मुलाखतीचं बोलावणं नव्हतं, अहो, फॉर्मसुद्धा पुरता भरून झाला नव्हता. ते बांबू उपटून बोडीच्या पाण्यात फेकून द्यावेत इतका संताप आला मला.

तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते, म्हणून पुढचं थोडं सांगायला हवं. मी गोंदियातच बी.कॉम. केलं आणि एका फायनान्स कंपनीच्या तिथल्याच ऑफिसात लागले. आमची कंपनी राइस मिलवाल्यांना आणि ट्रॅक्टर घेणाऱ्यांना कर्ज देते. कोणाला द्यावं, कोणाला देऊ नये, हे आधी बघून लिहून देणं हे माझं काम. मिलमध्ये जायचं, कोंड्याच्या धुळीत उभं राहून मालकाशी बोलायचं, परत येऊन फाईल तयार करायची. काम मला आवडतं आणि, तुमच्यापाशी कसली लाज, मला ते चांगलं जमतं. पण ठरतं सगळं मुंबईला. आठवडाभर खपून लिहिलेली फाईल तिकडून एका ओळीचा शेरा घेऊन परत येते. एकदा मी फोन करून कारण विचारलं, तर पलीकडचा म्हणाला, ते तुमच्या लेव्हलला कळवत नाहीत. आवाजावरून माझ्याच वयाचा वाटत होता. तो एका मोठ्या बिझनेस स्कूलमधून शिकून थेट त्या खुर्चीत बसला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मनाशी म्हटलं, ती लेव्हल काय असते ते आता बघायचंच.

माझ्या नोकरीला अजून तीन वर्षंही पुरी झालेली नाहीत. ज्याला सांगावं तो म्हणतो, एवढी घाई कशाला, आधी चांगली सात-आठ वर्षं घास, मग जा. बाकी ऑफिसात मी कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण जाणाऱ्या माणसाला चांगलं काम कोणी देत नाही. खोलीवर बसून गुपचूप फॉर्म भरायला घेतला. त्यात निबंध लिहायचे असतात. आत्ताच का, हा एक. तुम्हाला घडवणारा एखादा प्रसंग सांगा, हा दुसरा. आणि आपल्या साहेबांचं शिफारसपत्र लागतं. ते त्यांनी स्वतः कॉलेजच्या साइटवर भरायचं, आपल्याला ते बघायलाही मिळत नाही. दिवाळी झाली की साहेबांना विचारू, असं मी ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या निबंधात मी तुमचा कॅल्क्युलेटर लिहिला. मी सातवीत आहे. धानाची रोवणी आटोपली आहे, गावात कोणाला काही विशेष काम नाही. तुम्ही सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गोंदियाला गेला आहात, आणि मी शाळेतून येते तर ओसरीवर बसलेले आहात. शर्ट अजून अंगात आहे. मला जवळ बोलावता, खिशातून काढून माझ्या हातावर ठेवता, काळा, तळहाताएवढा, वर उजेडावर चालणारी काचेची पट्टी असलेला कॅल्क्युलेटर. मी विचारते, 'कायचा हिसाब करू?' तुम्ही म्हणता, 'जो वाटंल थो कर.' मग मी दिवेलागणीपर्यंत गावातल्या बकऱ्यांचे पाय मोजले आणि ज्या बकऱ्या नीट माहीत नव्हत्या त्या अंदाजाने धरल्या. माझा वाढदिवस नव्हता, निकाल नव्हता, सण नव्हता. काही कारण नसताना बापाने एवढी वस्तू आणली, म्हणून तर ती मला जगातली सगळ्यात मोठी भेट वाटली. निबंधात मी लिहिलं, आकड्यांची भीती माझ्या मनातून त्या दुपारी गेली. ते खरंच आहे.

आता फ्लेक्सची चूक कशी झाली ते ऐका. मी आईला फोनवर म्हटलं, फॉर्म भरतेय, फी भरून टाकली. आईने ते मोठेबाबांना सांगितलं. तुमच्या भावाचा हिशेब तुम्हाला ठाऊकच आहे, तो कायम सरळ असतो. त्यांच्या मुलाने डी.एड.ला फॉर्म भरला होता, कॉलेजवाल्यांनी फी घेतली आणि लगेच सीट दिली. जावयाचं आय.टी.आय. तसंच झालं. आपल्याकडे इतकी वर्षं ज्याची फी घेतली त्याला घेतलंच, मग मोठेबाबांनी वेगळं का समजावं? 'एवढी फी घेऊन कोनी नाही म्हनते का वो?' असं ते मोठ्या आईला म्हणाले होते. त्यांनी गावातल्या पोरांना बोलावलं, फोटो दिला, फ्लेक्स छापून आणायला सांगितला. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून घरात कोणी काही बोललं नाही. धक्का बसला.

मंडईला मी आले होते शिंगाडे घ्यायला आणि आईच्या हातचे वडे खायला. चौकात गाडीतून उतरले तर समोर मीच. त्यानंतर मला तोंड उघडायची सोयच राहिली नाही. म्हाताऱ्या येऊन माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होत्या. शाळेतल्या पोरी लांबून बघत होत्या. मोठेबाबांनी दंडारीच्या खेळासाठी घातलेल्या मांडवात मला पुढे बोलावून शाल आणि नारळ दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माईकवर त्यांनी तुमचं नाव घेतलं आणि माईक बाजूच्याच्या हातात दिला. तिथे मी काय सांगायचं होतं, बाबूजी? नारळ घेतला मी. दोन्ही हातांनी घेतला. मनात एकच होतं, आता नापाससुद्धा होता येणार नाही. नापास झाले असते तर ते माझं मला ठाऊक असतं, खोलीचं दार लावून रडले असते आणि सोमवारी कामाला गेले असते. आता माझी आई त्या फ्लेक्सखालून रोज पाण्याला जाणार होती.

पुढच्याच सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे साहेब गोंदिया शहरातले, तोंडात हिंदी जास्त, मनाने चांगले. हे काम मला त्यांनीच हाताला धरून शिकवलं. ते आपल्या बाजूला एक मिल बघायला गेले होते आणि चौकातून त्यांची गाडी गेली होती.

"मिठाई कहाँ है, मैडम?"

मी म्हटलं, "कसली, सर?"

"गाँव में बैनर लग गया, ढोल बज गए, और मला खबर नाही. पत्र कोणाकडून घेतलं तू?"

तेव्हा मला कळलं, की त्यांना राग निवडीचा आलेला नाही. त्यांना न विचारता मी दुसऱ्याच कोणाचं शिफारसपत्र लावलं असं त्यांना वाटत होतं आणि ते दुखावले होते. मी सगळं सांगून टाकलं, फॉर्म, फी, मोठेबाबांचा हिशेब, नारळसुद्धा. ते आधी ठसका लागेपर्यंत हसले. मग एकदम गंभीर झाले.

"म्हणजे मी त्या मिलवाल्यासमोर, हमारी लड़की है, असं छाती फुगवून सांगून आलो, ते सगळं खोटं?"

"हो, सर."

"पत्र मैं लिखूँगा. अच्छा लिखूँगा. पण तो बैनर तसा असेपर्यंत नाही. आधी गावात जाऊन खरं सांग. जो लड़की अपने गाँव को सच नहीं बोल सकती, तिच्याबद्दल मी काय लिहू, बहुत ईमानदार है?"

मी बाहेर आले ती रागातच. वाटलं, याला काय जातंय बोलायला. पण दिवसभर फाईल उघडी ठेवून मी तुमच्या मशीनचा विचार करत होते. आठवतं का, पावसाळ्यात ओल धरते म्हणून माईकची ती मशीन तुम्ही स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायचात, गुळाच्या डब्याशेजारी. आई कुरकुरायची, 'माह्या घरात देव कोपऱ्यात अना मशीन फळीवर.' मंडई जवळ आली की ती खाली निघायची. तुम्ही तिला फडक्याने पुसायचात, वायरी जोडायचात आणि तिथेच आवाज तपासायचात. हॅलो, हॅलो, माईक चेक. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा आईला एकदा भोंग्यातून सांगितलंत, आणि शेजारची काकू भिंतीपलीकडून ओरडली, 'मंग टाका ना वरतून!' तुमचा बोलायचा आवाज साधाच होता. माईक हातात आला की तो वेगळाच व्हायचा, जड आणि गोड. हरवलेल्या बकरीची बातमीसुद्धा तुमच्या तोंडून ऐकताना माणूस हातातलं काम थांबवायचा.

मग मला तो नाटकाचा दिवस आठवला. मी तुमच्या लुनावर मागे बसले आहे, पुढे भोंगा बांधलाय, माझ्या पायांशी पोत्यात बॅटरी. कालच आपण आसपासच्या सगळ्या गावांतून फिरून सांगितलंय की उद्या आपल्या गावी नाटक आहे, सहकुटुंब या. आणि आज सकाळी निरोप आलाय की नाटक मंडळींची गाडी रस्त्यात बिघडली, कोणी येत नाही. तुम्ही घाईघाईने चार घास खाता आणि लुना काढता. काल ज्या रस्त्याने गेलो त्याच रस्त्याने, त्याच चौकांत थांबून, आज सांगायचं की नाटक रद्द आहे. बोअरिंगवर पाणी भरणारी माणसं टोमणे मारतात, 'काल त मोठा बोंबलत होता.' एका म्हातारीने नाटकासाठी लेकीला सासरहून बोलावून घेतलंय, ती रस्त्यात उभी राहून हात नाचवत आपला उद्धार करते. मी तुमच्या पाठीमागे तोंड लपवते. गाव मागे पडल्यावर तुम्ही लुना थांबवता, वळून माझ्याकडे बघता.

'मान वर कर. चोरी केली का आपुन?'

'कायले फिरून राहिले बाबूजी? लोकाईले आपोआप मालूम झालं असतं ना.'

'ज्याईनं माह्या तोंडून आयकलं, त्याईले माह्याच तोंडून मालूम व्हावं. दुसऱ्याच्या तोंडून झालं, त मंग माहा भोंगा कोन आयकन?'

तुम्ही मला रागावल्याचं तेवढं एकच आठवतं. म्हणून मागच्या रविवारी मी गावी गेले. तुम्ही गेल्यावर आईने मशीन आणि भोंगा हनुमान मंदिरातल्या भजन मंडळाला देऊन टाकला होता, तो अजून चालतो. जेवणाआधी तिकडे जायचं, माईक घ्यायचा आणि सांगून मोकळं व्हायचं, असा बेत होता. आधी आईला सांगायला घरात शिरले. आता गॅस आहे, पण ती फळी तशीच आहे, तिच्यावर कुकर असतो. आई खाली बसून लाखोरीची भाजी निवडत होती.

मी म्हटलं, "आई, मी मंदिरातल्या माईकवरून सांगून राहिली, का माही निवड नाही झाली म्हनून."

तिने वर बघितलं नाही. "मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"निवड नाही झाली थे. मंडईच्या आधीपासून मालूम होतं. तू फारम भरला म्हनली होतीस, झाली म्हनली नव्हतीस. येवढं समजते मले."

"मंग मोठेबाबाले थांबवलं काऊन नाही?" माझा आवाज चढला होता. "माही इज्जत गेली आफिसात!"

तिने भाजीची चाळणी बाजूला सरकवली. पुढचं ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत मला ते जमत नाही. "तुह्या बाबूजीनं बी एक डाव फारम भरला होता. रेडिओचा. नागपूरले, बातम्या सांगनाऱ्याचा. तिकडून कागद आला, या म्हनून, आवाज आयकाचा हाय. मले सोडून कोनाले सांगतलं नाही. साऱ्या दुनियेचं भोंग्यातून सांगनारा मानूस, आपलं एक सांगतलं नाही. इस्तरीचा शर्ट घातला, गेले. गोंदियाले उतरले. नागपूरची गाडी आली, अना गेली. हे फलाटावर बसूनच. दुपारी घरी वापस. कोनी पुसलं नाही, कोनाले मालूमच नव्हतं त पुसनार कोन? कोनी एकानं जरी पुसलं असतं ना, काहो, गेले होते का, त दुसऱ्या खेपेले गेले असते. मंग मोठेबाबा फ्लेक्सचं बोलले, त मी म्हनलं, लागू दे. इले सारा गाव पुसंल. मंग ही वापस नाही फिरनार."

शर्ट म्हटल्यावरच माझ्या लक्षात आलं होतं. तरी विचारलं, "मले कॅल्क्युलेटर आनला होता, थोच दिवस का?"

"थोच," आई म्हणाली, आणि परत भाजी निवडायला लागली.

मला तुमचा राग आला, बाबूजी. खूप राग आला. इतकी वर्षं ती दुपार मी जपून ठेवली होती आणि ती माझी नव्हतीच. मी बकऱ्यांचे पाय मोजत होते तेव्हा तुम्ही ओसरीवर बसून काय गिळत होतात हे मला कळलंही नाही. पुढच्या तिकिटाचे पैसे खिशात तसेच राहिले असणार, त्यांचाच तो कॅल्क्युलेटर आला. मग मला रडू आलं, आणि आईने मला रडू दिलं. आमच्याकडे कोणी कोणाला जवळ घेत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तिने फक्त उठून कुकर फळीवरून खाली काढला आणि भात लावला.

त्यानंतर मी मंदिरात गेले. भजन मंडळाच्या माणसाने काही न विचारता मशीन चालू करून दिली, त्याला वाटलं आभार मानायचे असतील. मी माईक हातात घेतला. तुमच्या आवाजातलं काही माझ्यात उतरलेलं नाही, माझा आवाज भोंग्यातून चिरका येतो. मी म्हटलं, "आयका हो. मी माईकवाल्याची पोरगी बोलून राहिली. चौकातल्या फ्लेक्सवर लिहिलं हाय का माही निवड झाली. निवड नाही झाली. मी सिरफ फारम भरून राहिली. मोठेबाबाची काही चूक नाही, सांगन्यात माहीच कसर राहिली. आता फारम जाईल, मुलाखत झाली त होईल. निवड झाली त मी सांगन. नाही झाली तरी मीच सांगन, ह्याच माईकवरून." मग मी, धन्यवाद, म्हणून बटण बंद केलं.

मग पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "मंग नारळ वापस कर!" आणि चौकभर हसणं पसरलं. मी पण हसले, दुसरं काय करणार होते. देवळाच्या पायरीशी एक म्हातारी बसली होती. तिने मला थांबवून विचारलं, "कवा लागते थो निकाल?" मी म्हटलं, उन्हाळ्याच्या आत. म्हणाली, "बरं. मी पुसून राहीन."

मोठेबाबा मंदिराच्या कट्ट्यापाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, खांद्यावरचा शेला झटकला आणि घरी निघून गेले. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. मोठ्या आईकडून निरोप आला, 'इनं माहं तोंड कारं केलं, नातेवाईकात मी आता काय सांगू?' मी त्यांच्या घरी गेले, ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ज्या माणसाने तुमच्यामागे माझी फी भरली, माझ्या ऑफिसच्या पहिल्या दिवशी मला स्टेशनवर सोडायला आला, त्याला मी भर चौकात तोंडघशी पाडलं. तुम्ही त्या म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पण ती तुमची कोणी नव्हती. उलटी फेरी मारताना आपलंच माणूस रस्त्यात आडवं येतं, तेव्हा काय करायचं, ते मला लुनावर शिकवायचं तुमचं राहून गेलं. मोठेबाबा अजून माझ्याशी बोललेले नाहीत. या दुखण्यावर माझ्याकडे इलाज नाही.

पोरांनी मात्र कमाल केली. फ्लेक्स काढायला ते तयार नव्हते, म्हणाले, नवीनच आहे, कायले खराब करता. त्यांनी 'निवड झाल्याबद्दल' वर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर जाड अक्षरात लिहिलं, 'फॉर्म भरल्याबद्दल'. आता चौकात लिहिलं आहे, एम.बी.ए.करिता मोठ्या कॉलेजात फॉर्म भरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. साहेबांना मी त्याचा फोटो पाठवला. ते दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हाही हसत होते. मग केबिनचं दार लावून घेतलं आणि माझं शिफारसपत्र भरून टाकलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही.

आज सुट्टी आहे. गोंदियाच्या खोलीवर बसले आहे, खिडकीतून उजेड येतोय. लॅपटॉपवर फॉर्म उघडा आहे आणि त्यात आता काहीही भरायचं राहिलेलं नाही. निबंध दोन्ही तिथे आहेत. कॅल्क्युलेटरचा मी बदलला नाही. तुम्ही ती दुपार मला जशी दिली तशीच त्यात ठेवली आहे, बाकीचं त्या कॉलेजचं काम नाही. उद्या संध्याकाळी मुदत संपते. खाली एक निळं बटण आहे, ते एकदा दाबलं की झालं. सकाळी मी चहा केला, मग परत केला. कपडे धुतले. आईला फोन लावला आणि तिने उचलायच्या आत ठेवून दिला. साहेबांनी पत्र भरलं हे कळलं तेव्हा मला आनंद झाला नव्हता. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. लोक म्हणतात तशी घाईच होत असेल. पुढच्या वर्षी भरता येईल. मोठेबाबांचा राग तोवर शांत होईल. आणखी एक-दोन कारणं मी शोधून ठेवली आहेत आणि सगळी चांगली आहेत.

कॅल्क्युलेटर इथेच टेबलावर आहे, उजेडात धरला की शून्य येतं अजून. तुम्हाला विचारायचंय की तुम्ही कशाला घाबरलात. तिथे आवाज आवडला नसता म्हणून, की आवडला असता आणि मग आम्हाला सोडून नागपूरला राहावं लागलं असतं म्हणून? आईला विचारलं तर ती म्हणाली, मले काय मालूम. आता राग नाही राहिला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पाठवायला पत्ता नाही, आणि एवढं तरी कबूल करते की लिहायला बसले ते त्या बटणाकडे बघायला लागू नये म्हणूनच. तुम्ही फलाटावर किती वेळ बसला होतात, बाबूजी? मी सकाळपासून बसले आहे.